कोकरू चुकलंच नव्हतं

अप्पा, तुमचा धाकटा गेला. शिमग्याला आठ दिवस होते. अफजलपूरकडं, त्याच्या घरी, सकाळचा चहा पिऊन उसाच्या बांधावर गेला, तिथं टेकला आणि उठलाच नाही. त्याच्या पोरांनी निरोप लगेच दिला, पण मला गुलबर्ग्यात बस बदलावी लागते, तुम्हाला कुठलं माहीत असायला. पोचले तेव्हा मी आधी त्याच्या कानाला हात लावून बघितलं. जनावराचं दुखणं कानावर कळतं, हे तुम्हीच शिकवलेलं. सत्तरीला आलेल्या भावाला मी मेंढराच्या मापानं तपासलं, हसा पाहिजे तर. कान गार होते. त्याच कानात मला एक गोष्ट सांगायची होती, ती साठ-पासष्ट उन्हाळे माझ्याजवळ पडून आहे. आता ती तुम्हाला सांगते, कारण ती तुमच्या मरणाची आहे, आणि तुम्ही कशानं गेलात हे खरं माहीत असलेली माणसं दोनच. एक तुम्ही, एक मी.

लिहायला माझी नात बसलीय. मैलूरला खोली घेऊन बीदरच्या कॉलेजात शिकते, सुट्टीत आली की मी तिला असं जुंपते. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढं सगळं कानडी, त्यामुळं मध्येच पेन हवेत धरून अक्षर आठवत बसते. मी म्हणते, बाई, तुला आठवेपर्यंत मीच मरते आणि पत्र हातोहात पोचवते. ती म्हणते, आज्जी, सावकाश बोल. सावकाशच बोलायलेय. एवढी वर्षं लागली म्हणजे घाई कुणी केली?

पण आधी तुम्हाला आवडेल ते सांगते. तुम्ही रोज सकाळी तोंडावर पाणी मारायच्या आधी मेंढरांच्या जाळीभोवती एक फेरी मारायचात, खाली वाकून धूळ बघत, आणि मला हाक मारून विचारायचात, आज कोण आलं सांग. तर यंदा कोण आलं ते ऐका. ओढा पाडव्याच्या आधीच कोरडा पडला. आमचं घर गावाबाहेर शेतात आहे, बीदरकडच्या मेहकरच्या अंगाला, आणि आमच्या बोअरला अजून बोटभर धार आहे. तिच्याखाली मी सिमेंटची टाकी ठेवलीय. नाव म्हशींचं, पितं सगळं रान. उन्हं कलली की लांडोरी येतात, एकामागं एक, पाणवठ्यावर निघालेल्या सुनांसारख्या, आणि मोर मागं राहून पिसं सांभाळत बसतो, त्याचं नेहमीचं. कडब्याच्या गंजीखाली घोरपड राहते. ती दुपारी जीभ काढत अंगणातून अशी जाते, जसं शेत तिच्याच नावावर आहे. काळविटं धसकटात लांब उभी राहतात, मी आत जाईपर्यंत पाय उचलत नाहीत. एवढी लाज माणसांना असती तर बरं झालं असतं. परवा न्हाणीत धामण गारव्याला येऊन बसली. सून ओरडली, धामण सुनेपेक्षा जास्त भ्याली, आणि मोरीच्या भोकातून जाताना अर्ध्यातच अडकली बिचारी. मी सुनेला म्हणलं, तू जरा गप बस, तिला सुचू दे.

आणि मागल्या महिन्यात गावात बिबट्या आला. म्हणजे मोबाइलवर आला. एकाच्या मोबाइलवरून सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, चार दिवस कुणी हरभऱ्याच्या रानात पाय ठेवला नाही. शेवटी मी काठी टेकत ठसा बघायला गेले. ओल्या मातीत पाय पसरून ठसा मोठा उमटला होता एवढंच, होतं कुत्रं, आमच्या शेजाऱ्याचंच, त्याचं एक नख तुटलेलं आहे. मी तसं सांगितलं तर पोरं म्हणाली, म्हातारीला दिसत न्हाई. असू दे. तुम्ही मला अक्षर शिकवलं नाही, तुम्हालाच येत नव्हतं तर काय शिकवाल, पण पाय शिकवलेत. तुम्ही म्हणायचात, कुत्रं जेवून आलेलं असतं, म्हणून इकडं हुंगत तिकडं हुंगत वाकडं चालतं. लांडग्याला काम असतं. तो सरळ जातो, पुढचा पाय पडला तिथंच मागचा टाकतो, आणि त्याची मधली दोन बोटं जरा पुढं असतात. हे मी अजून विसरले नाही.

धाकट्याचे दिवस करून परत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती आली. झुंजूमुंजू झालेलं, मी दार उघडून पायरीवर बसले होते. टाकीपाशी लांडगीण उभी. बरगड्या मोजाव्यात अशी, आचळं ओढलेली, म्हणजे कुठंतरी पिल्लं आहेत. मान खाली घालून प्यायली, बराच वेळ प्यायली, मग मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. मी हात हलवला नाही. ती गेली, सरळ. उजाडल्यावर लेक टाकीपाशी वाकून म्हणाला, "माय, हे कुत्र्याचे हायत का गं?" मी म्हणलं, "व्हय, कुत्रंच." खरं सांगितलं असतं तर दुपारपर्यंत फटाके घेऊन दहाजण आले असते. म्हणून खोटं बोलले. सहज बोलले, तोंडाला सवय आहे म्हणा. आणि तिथंच बसून मग मी रडले. धाकट्याच्या घरी तेवढी रडले नव्हते.

आता ते सांगते.

त्या उन्हाळ्यात आपली मेंढरं एका मालकाच्या काळ्या रानात बसवली होती. (नात विचारायलीय, बसवली म्हणजे काय. अगं, रात्रभर मेंढरं त्या रानात कोंडायची, लेंड्यांनी रान खतावतं, त्याबदल्यात मालक ज्वारी देतो. कॉलेजात हे सांगत नाहीत का?) मी नऊ-दहाची असेन, धाकटा सहाचा. आपलं जुनं कुत्रं थंडीत मेलं होतं आणि तुम्ही नव्या पिल्लाच्या शोधात होता. येईल त्याला विचारायचात, कुत्री व्यालीय का कुठं. पिल्लू डोळे उघडायच्या सुमाराला आणायचं, शेळीच्या आचळाला लावायचं, कोकरांत निजवायचं, मग ते स्वतःला कळपातलंच समजतं आणि जन्मभर कळपाची राखण करतं, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी माय मालकाच्या घरी ज्वारी आणायला गेली होती. तुम्ही बाभळीखाली आडवे. धाकट्याला कोकरं झाकलेल्या डालग्यापाशी बसवलं होतं, तो घोंगडीच्या सावलीत झोपला होता. आणि मी ओढ्याकडं गेले. दरडीत एक बीळ होतं, बिळापुढं तीन पिल्लं. दोन आत पळाली. एक माझ्याकडं आलं. मांजराएवढं, पळायला लागलं की स्वतःच्याच पायात अडकायचं. मी ते परकराच्या ओच्यात घेतलं आणि आणून शेळीला लावलं. शेळीनं दोन लाथा मारल्या, मी तिचा पाय धरून बसले, मग ते प्यायला लागलं. मला इतका आनंद झाला, अप्पा. तुम्ही उठाल आणि तुमच्यापुढं नवं कुत्रं असेल.

तुम्ही उठलात. बघितलंत. ओरडला नाहीत. खाली बसलात, पिल्लाचा पंजा धरून धुळीत दाबलात आणि मला विचारलंत, "हे कुणाचं?"

मी म्हणलं, "कुत्र्याचं."

"नीट बघ."

"लांडग्याचं," मी म्हणलं. "पण शेळीचं दूध पिलं की कुत्र्याचं व्हतंय की, अप्पा."

तुम्ही हसलात. मला अजून तो आवाज येतो, पोटातून हसलात. म्हणालात, माझंच शिकवलेलं माझ्याच गळ्यात घातलीस की गं. मग किती पिल्लं होती ते विचारलंत, माय दिसली का ते विचारलंत, आणि उन्हाकडं बघून हसू थांबलं. तुम्ही मला समजावून सांगितलंत, मोठ्या माणसाला सांगावं तसं. ती सांजेच्या आत येईल, एक कमी दिसलं की बाकीची दोन उचलून जागा बदलेल. मग हे कुणाचंच राहणार नाही, ना आपलं ना तिचं. म्हणून आत्ताच न्यायला हवं. मी म्हणलं, ऊन उतरू द्या. तुम्ही म्हणालात, ऊन उतरलं की ती उठती. तुम्ही पिल्लाचं तोंड मातीनं पुसलंत, दुधाचा वास जावा म्हणून. हाताचा वास लागू नये म्हणून डोक्याचा पटका सोडून त्यात ते गुंडाळलंत. आणि उघड्या डोक्यानं निघालात. मला वाटलं ठेवून लगेच याल.

तुम्ही दिवस बुडता आलात. पिल्लू बिळापुढं ठेवून तुम्ही पलीकडच्या काठावर जाऊन बसला होता, घारीनं की गावच्या कुत्र्यानं उचलू नये म्हणून, ती येईपर्यंत. त्या काठावर एक झुडूप नाही, मी नंतर जाऊन बघितलं. तुमचं तोंड तांबडंलाल झालं होतं, ओठ फुटले होते, पटका हातातच होता, डोक्याला बांधायचं भान नव्हतं. तुम्ही मला एवढंच सांगितलंत की नेलं तिनं, तोंडात धरून नेलं, मागं वळून बघितलं नाही. तेवढ्यात माय आली ज्वारीचं गाठोडं घेऊन. तुमच्याकडं बघून तिनं गाठोडं टाकलंच. "कुठं गेलता असं उघड्या डोक्यानं?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "कोकरू चुकलं व्हतं. घावलं."

मायनं काशाच्या वाटीनं तुमचे तळपाय घासले, कांद्याचा रस पाजला, मालकाच्या घरून कैऱ्या आणून पन्हं केलं. तुम्ही पाण्याची वाटी धरली की सांडायची. मध्येच मेंढरांना हाका मारायचात, जी कधीच विकून झाली होती त्यांनासुद्धा. तिसऱ्या दिवशी गेलात. मी तुमच्या उशाशी होते आणि तुमचे कान विस्तवासारखे होते.

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, हे मला तेव्हाही कळलं. लांडग्याचं पिल्लू कळपात आणलं म्हणून मायनं मला सोलून काढलं असतं, आणि तुमचे भाऊ, ते काय म्हणाले असते देव जाणे. पण तुम्ही बोलून गेलात आणि निघून गेलात. ते खोटं कुणाच्या अंगावर जाऊन पडेल हे बघायला थांबला नाहीत. तुम्हाला काय माहीत, तुमच्या लेखी तुम्ही बरे होणार होता.

लोक पांगले, त्या संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. मायनं एकदम धाकट्याकडं बघून विचारलं, "कोकरांपाशी तुला बसवलं व्हतं न्हवं?" तो म्हणाला, "मी झोपलो व्हतो." खरं तेच बोलला, सहा वर्षांचं पोर. माय म्हणाली, "तू जागा असतास तर तुझा बाप जिता असता." एकदाच म्हणाली. पुन्हा जन्मात कधी म्हणाली नाही, उलट नंतर त्याला जवळ घेऊन झोपायची. पण एकदा पुरतं. त्या वेळी तव्यावर भाकरी होती माझी. ती फुगायच्या बेतात होती. मी ती उलटली, अप्पा. तोंड उघडायच्या जागी मी भाकरी उलटली.

पुढचं काय सांगू. मेंढरं विकली. माय आम्हाला घेऊन लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. मला इकडं दिलं, तो मोठा झाला तसा उसाच्या मुलखात गेला, तिथंच घर केलं. माणूस सोन्यासारखा झाला, पण जनावर पाळलं नाही. आणि पोरांच्या बाबतीत असा, की जेवता जेवता उठायचा आणि सगळी आहेत का बघून यायचा. त्याची बायको चेष्टा करायची, पोरं चेष्टा करायची. तो हसायचा. नातवंडांना स्वतःच सांगायचा, माझ्या हातनं कोकरू सुटलं आणि माझे अप्पा गेले. आणि ऐका, त्याला ते कोकरू आठवायचं. कपाळावर पांढरा टिळा होता म्हणायचा, एक कान वाकडा होता म्हणायचा. असं एक कोकरू होतं आपल्यात, त्याचं लाडकं. त्यानं मनानंच ठरवलं होतं की तेच चुकलं असणार, आणि त्या दिवसापासून त्यानं त्याला हात लावला नाही. ते त्याच्यामागं बें बें करत यायचं आणि तो पळून जायचा. मी हे बघितलंय. बघत उभी राहिलेय.

दर उन्हाळ्यात चार दिवस तो माझ्याकडं यायचा. उसाला पाणी सोडून यायचा आणि पाण्याची काळजी करत इथं बसायचा. लिंबाखाली बाज टाकून आम्ही दोघं टाकीवर कोण येतं ते बघत बसायचो. त्याला पाय कळत नव्हते, तुम्ही शिकवायच्या आधीच गेलात, म्हणून मी त्याला शिकवायची आणि तो मुद्दाम चुकायचा. सशाचा ठसा बघून म्हणायचा, अक्का, हा हत्ती. गेल्या वर्षी असंच बसलो होतो, मध्ये उकडलेल्या शेंगांची पाटी. मुंगसाची मादी पिल्लांना घेऊन पाण्यावर आली होती, एक पिल्लू मागं राहिलं, ती परत गेली, मानेला धरून आणलं. धाकटा ते बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिशी मी झोपलो नसतो तर, अक्का."

किती वर्षांत तो असं उघड बोलला नव्हता. शेजारी कुणी नव्हतं, लेक बाजाराला गेला होता, सून झोपली होती. देवानं पुढ्यात ताट वाढून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "शेंगा खा. गार व्हायल्यात."

त्यानं शेंगा खाल्ल्या. म्हणाला, मीठ कमी आहे. जाताना नेहमीसारखा पाया पडला, आणि मी नेहमीसारखा आशीर्वाद दिला. मी त्याला कशाचा आशीर्वाद देत होते, अप्पा, एवढी वर्षं?

नातीनं आत्ता पेन खाली ठेवलं होतं, मी परत उचलायला लावलं. माझ्याकडं बघत नाही, वहीकडं बघतेय. मग विचारते, "मामाआजोबांना कधीच कळलं न्हाई?"

"न्हाई."

"आन् हे आता पाठवायचं कुठं?"

कुठं नाही म्हणलं. त्याच्या पोरांना तर नाहीच. ती आता बापाचं कोकरू आपल्या पोरांना सांगतात, कपाळावरच्या टिळ्यासकट. तू घडी कर आणि तुझ्या पुस्तकात ठेव, नाहीतर चुलीत घाल, तुझी मर्जी. नात म्हणते, चूल कुठाय आज्जी, गॅस आहे. बघा, रडता रडता बोलायला कमी नाही, माझ्यावर गेलीय.

अप्पा, तुम्ही असाल तिथं तो आला असेल तर आल्याआल्या तुमच्या पायाशी बसेल आणि कोकराचं काढेल. त्याला उठवा. त्याला सांगा, कोकरू चुकलंच नव्हतं, सगळी कोकरं डालग्याखाली होती, तू झोपला होतास ते बरोबरच होतं, दुपारी पोरं झोपतात. कुणी केलं तेही सांगा. माझं नाव घ्या, मागं-पुढं बघू नका, एकदा मला वाचवलंत तेवढं झालं.

सगळे म्हणतात तसं मीही म्हणणार होते, की सांगायचं होतं पण वेळ मिळाला नाही. नातीला तसं लिहायलाही लावलं होतं, मग खोडायला लावलं. तो अजून वीस उन्हाळे जगला असता तरी मी सांगितलं नसतं. माराला भीत नव्हते, मारायला आता कोण उरलंय. तो रागावलाही नसता, तो रागावणाऱ्यांतला नव्हता. ऐकून घेतलं असतं, पाया पडला असता, बसमध्ये बसला असता, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या उसाला कायतरी काम निघालं असतं. मला तो यायला पाहिजे होता, अप्पा.